लष्कर : वाटेत राहून जाणारी राजधानी



बाल्कनमधलं तिराना, स्कोपिये...
बरेच प्रवासी या राजधान्या वगळून पुढे जातात.
आपल्या ग्वाल्हेरचंही तसंच.

लोक सिटी सेंटरच्या हॉटेलात उतरतात.
किल्ला बघतात.
आणि आग्र्याची वाट धरतात!
शहराचा लष्कर हा भाग राहूनच जातो.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे फौजेचा तळ दिला.
तो तळ पुन्हा हलला नाही...
त्याचीच राजधानी झाली.

तेव्हा सिटी सेंटरहून रिक्षा करा.
महाराज बाड्यावर उतरा.
टाऊन हॉल, पोस्ट, व्हिक्टोरिया मार्केट...
एकाच चौकात, प्रत्येकाची घडण निराळी.

मग माधव संगीत महाविद्यालय.
भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये सुरू झालेलं.

वाटेत मराठी कानावर पडली, तर दचकू नका.
इथली मराठी घरं पिढ्यानपिढ्यांची आहेत.

किल्ला बघाच.
पण लष्करही बघा...
सायंकाळी, पायी.