नाव एक, माणसे अनेक

आम्हां घोडेगावकरांना शिवनेरी जवळचा. गडावरील शिवाई देवीवरून शिवरायांचे नाव ठेवले, असे परंपरा सांगते. पुढे हे नाव घरोघरी गेले. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी १९६७ साली 'मृत्युंजय'मधून कर्णाला मराठी मनात बसवले. तमिळ नट गणेशन यांनी रंगभूमीवर महाराज साकारले. पेरियारांनी त्यांना 'शिवाजी' म्हटले आणि तेच नाव जन्मभर राहिले. उलट, बंगळुरातील मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड बसची कंडक्टरी सोडून सिनेमात गेले आणि रजनीकांत झाले. एकाने हे नाव कमावले, दुसऱ्याने बाजूला ठेवले. मोठे दोघेही झाले. म्हणून बारशाला थोरांचे नाव जरूर ठेवावे, त्याचे ओझे मात्र लेकरावर लादू नये. नाव आईबापांनी द्यावे. नावलौकिक ज्याचा त्याने मिळवावा.