काळजाचा तुकडा

आपल्याकडे आई लेकराला काळजाचा तुकडा म्हणते. उर्दूत त्यालाच लख्ते-जिगर म्हणतात. जिगर म्हणजे यकृत. कवितेत हा शब्द मी पुष्कळदा वापरला. त्याचा अर्थ मात्र मला माझ्या धाकट्या बहिणीकडून कळला.

तिच्या मुलाला पाचव्या वर्षापासून मूतखड्याचा त्रास होता. भरपूर पाणी पाजा, असं सगळे सांगत. नवव्या वर्षी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, डायलिसिस सुरू झालं. मग जनुकांच्या तपासणीत आजाराचं नाव कळलं : प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया.

यात यकृतातलं एक एन्झाइम जन्मापासूनच नीट काम करत नाही. त्यामुळे यकृत अतोनात ऑक्झॅलेट तयार करतं. कॅल्शियमशी मिळून त्याचे खडे होतात. मूत्रपिंडं बंद पडली की ते हाडांत, डोळ्यांत, हृदयातही साठतं. डायलिसिसनं ते पुरेसं निघत नाही. ब-६ जीवनसत्त्वाचा काहींना गुण येतो, याला आला नाही. ऑक्झॅलेट कमी करणारं लुमासिरन हे औषध २०२० मध्ये अमेरिकेत आणि युरोपात मंजूर झालं, पण ते आमच्या ऐपतीबाहेरचं. डॉक्टर म्हणाले, "दुखणं मूत्रपिंडात दिसतं, मूळ यकृतात आहे. नुसतं मूत्रपिंड बसवलं तर तेही खराब होईल. दोन्ही लागतील."

घरात कुजबुज सुरू झाली ती आईच्या दोषाची. पण हा दोष आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून यावा लागतो. दोघं वाहक असले की प्रत्येक मुलाला २५ टक्के धोका. स्वतः वाहक मात्र निरोगी असतात, म्हणून तपासणीअंती ते अवयवही देऊ शकतात. मेहुणे आमचे चुलतभाऊच. नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते. मामाची मुलगी करणाऱ्या घरांनीही हे ध्यानात घ्यावं.

यकृताचा भाग बहिणीनं द्यायचा, हे न विचारताच ठरलं. मूत्रपिंडाचं काय? मेहुणे कमावते, त्यांना धक्का नको, असं वडीलधाऱ्यांचं मत. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकाच जास्त, त्यामागे हाही हिशेब असतो.

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. "भाई, तुम्ही?" एवढंच म्हणाली. १९९४ च्या कायद्यात मामा जवळच्या नातेवाइकांत धरलेला नाही, त्याला समितीची परवानगी लागते. हे कळलं तेव्हा मला हायसं वाटलं, ही आज कबुली देतो. परवानगी मागता आली असती. मी साधं रक्तसुद्धा तपासून घेतलं नाही.

शेवटी मेहुणेच उठले. म्हणाले, "मूल दोघांचं आहे."

आधी यकृत, काही महिन्यांनी मूत्रपिंड. बहिणीचं यकृत पुन्हा वाढलं. मूत्रपिंड तसं वाढत नाही, मेहुणे आता एकावर आहेत आणि कामावर जातात. भाचा तेरा वर्षांचा झाला. औषधं जन्मभराची, पाण्याची बाटली सदैव सोबत. धाकट्या भाचीचीही तपासणी करून घेतली. तिला आजार नाही.

परवा माझी वही चाळताना भाच्यानं विचारलं, "मामू, जिगर म्हणजे काय हो?"

मी म्हटलं, "बेटा, ते तुझ्या अम्मीला विचार."