यांत्रिक मदतनीस आणि त्याचें दप्तर

कचेरींत नवा कारकून रुजू झाला, म्हणजे पहिले आठ दिवस त्याला सर्व कांहीं सांगावें लागतें. कोणता कागद कोठें असतो, कोणत्या कपाटास हात लावावयाचा नाहीं, कोणाच्या सहीवांचून काय अडतें. महिन्याभरांत तो तें शिकतो. आतां असा कारकून कल्पावा, कीं जो विलक्षण बुद्धिमान आहे, क्षणांत शेंकडों पानें वाचतो, पण रोज सकाळीं कालचें सारें विसरून कामावर येतो. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याच्या कामीं जे यांत्रिक मदतनीस अलीकडे आले आहेत, त्यांची जात बरीचशी अशी आहे.

२०२१ सालीं गिटहबनें कोपायलट पुढें आणला, तेव्हां तो लिहिणाराच्या ओळी पुऱ्या करून देई, इतकेंच. २०२५ सालीं आलेले क्लॉड कोड, कोडेक्स वगैरे मदतनीस स्वतः फायली उघडतात, बदलतात, चांचण्याही चालवितात. कामाच्या आरंभीं त्यांनीं वाचावें म्हणून प्रकल्पांत एक टिपण ठेवण्याची चाल पडली आहे. क्लॉड कोडच्या टिपणाचें नांव 'क्लॉड डॉट एमडी'; इतर पुष्कळांचें 'एजंट्स डॉट एमडी'.

प्रकल्प लहान असतो तोंवर हें टिपण पानभर असतें. पुढें मदतनिसानें एखादी चूक केली, कीं कोणी तरी त्यांत ओळ वाढवितो: 'असें करूं नये.' दुसरी चूक, दुसरी ओळ. वर्षभरांत टिपणाची पोथी होते, आणि चमत्कार असा, कीं जितकें अधिक लिहावें तितकें कमी ऐकलें जातें! यंत्राला एका वेळीं ध्यानांत धरण्यास मर्यादा आहे. शिवाय, लांबलचक मजकुराच्या आरंभीं वा शेवटीं असलेली माहिती तें बरी वापरतें, पण मध्यें दडलेली त्याच्या हातून निसटते, असें स्टॅनफर्ड व इतर ठिकाणच्या संशोधकांनीं २०२३ सालीं दाखविलें.

तेव्हां मुख्य टिपण आंखूड हवें. प्रकल्प कशाचा, चांचणी कोणत्या आज्ञेनें चालते आणि कोणता विषय कोणत्या फाईलींत, एवढें पुरे. बाकीचें विषयवार वेगळें लिहावें. काम पडेल तेव्हां मदतनीस तें उघडील. मोठ्या प्रकल्पांत प्रत्येक फोल्डरला स्वतःचें टिपण देतां येतें, व एजंट्स डॉट एमडीच्या पद्धतींत जवळचें टिपण दूरच्यावर मात करतें. ओळींतील मोकळी जागा किती सोडावी, असले नियम टिपणांत कोंबणें व्यर्थ; तें काम दुसरीं साधनें बिनचूक करतात.

आज्ञावलींत एक गोष्ट मात्र कधींच लिहिलेली नसते: अमुक मार्ग सोडून तमुक कां धरला. मायकेल नायगार्ड यांनीं २०११ सालीं यासाठीं प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाची एकेक छोटी नोंद ठेवण्याची रीत सुचविली. माणसांसाठीं निघालेली ही रीत आतां यंत्राच्याही उपयोगीं पडते.

पण खरें भय शिळ्या माहितीचें आहे. जुनें टिपण पाहून अनुभवी माणूस हंसतो. यंत्र त्यावर विश्वास ठेवतें. जुनें तसेंच पडूं दिल्यानें काय होतें, हें या मदतनिसांच्या कितीतरी आधीं, १ ऑगस्ट २०१२ रोजीं, अमेरिकेंतील नाइट कॅपिटल या पेढीनें अनुभवलें. शेअरबाजारांतील उलाढालीसाठीं आठ सर्व्हरांवर नवी आज्ञावली चढवावयाची होती. एक राहून गेला. त्यावर कित्येक वर्षें न वापरलेला जुना भाग शिल्लक होता. तो जागा झाला, आणि सुमारें ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर वा त्याहून अधिक रक्कम बुडाली. दुसऱ्या माणसानें काम तपासावें, असा लेखी नियमच तेथें नव्हता!

म्हणून जाणते लोक टिपणें आज्ञावलीशेजारींच ठेवतात व एकीबरोबर दुसऱ्यांतही बदल करतात. रद्द झालेला निर्णय ते पुसून टाकीत नाहींत. त्याच्या माथ्यावर 'रद्द' असें लिहून त्याच्या जागीं आलेल्या नोंदीचा क्रमांक तेथेंच देतात.