दुखऱ्या खांद्याची मोजदाद



खांदा दुखणाऱ्या माणसाला विचारावयाचे तेरा प्रश्न अमेरिकेत १९९१ साली तयार झाले. 'शोल्डर पेन अँड डिसॅबिलिटी इंडेक्स', थोडक्यात 'स्पाडी', ह्या नावाने ते आज जगभर वापरले जातात. त्यांतील शेवटचा प्रश्न असा, की पाठीमागच्या खिशातून वस्तू काढताना तुम्हांला कितपत अडचण पडते? उत्तर शून्य ते दहा ह्यांतील एका आकड्याने द्यावयाचे.

आता हा प्रश्न थायलंडमध्ये भाताच्या खेड्यातील एखाद्या म्हातारीला विचारून पाहा. ती नेसते 'फा-सिन', म्हणजे कमरेभोवती गुंडाळून खोचलेले वस्त्र. तिला पुढे खिसा नाही आणि मागेही नाही. ती बिचारी काय सांगणार? अडचण नाही म्हणून शून्य सांगेल. तिचा हात पाठीमागे वीतभरही जात नसला, तरी कागदावर ती ठणठणीत!

मी डॉक्टर नव्हे आणि भाषापंडितही नव्हे. परंतु ज्यांचे पोट खांद्यावर चालते अशा माणसांत माझे आयुष्य गेले, म्हणून ह्या विषयाने मला धरून ठेवले. इंग्रजीतील ही पत्रिका थाई रोग्यापर्यंत नेण्यात जी यातायात आहे, तिच्यात गरिबाच्या दुखण्याची नोंद कशी होते, किंवा कशी हुकते, हे स्वच्छ दिसते.

पत्रिकेची रचना अगदी साधी आहे. पाच प्रश्न दुखण्याचे : जास्तीत जास्त दुखते तेव्हा किती, त्या कुशीवर निजल्यावर किती, उंच फळीकडे हात नेताना, मानेला मागून हात लावताना, हाताने ढकलताना किती. उरलेले आठ अडचणीचे : केस धुणे, पाठ धुणे, डोक्यातून बनियन किंवा स्वेटर घालणे, पुढे गुंड्या असलेला सदरा घालणे, विजार चढवणे, उंच फळीवर वस्तू ठेवणे, दहा पौंडांचे, म्हणजे साडेचार किलोंचे ओझे नेणे, आणि तो मागचा खिसा. सगळे विचारावयाचे मागल्या एका आठवड्यापुरते. बेरीज करून शंभरात गुण काढतात. गुण जितके जास्त तितका खांदा वाईट. ही पत्रिका प्रथम पारखली गेली ती सदतीस रोग्यांवर, आणि ते सदतीसही पुरुष होते. म्हणजे खिसा कोठून आला, हे कोणी वेगळे सांगावयास नको.

भाषांतर कसे करावे ह्याचीही एक रीत ठरलेली आहे. डॉर्कास बीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ती मांडली. दोघांनी वेगवेगळे भाषांतर करावयाचे. त्यांतील एकाला विषय ठाऊक असावा, दुसऱ्याला मुळीच नसावा. मग दोन्हींचा मेळ घालून एक प्रत करावयाची. ती प्रत, मूळ पत्रिका न पाहिलेल्या दुसऱ्या दोघांनी पुन्हा इंग्रजीत उलटवावयाची. नंतर जाणकारांची समिती बसते, आणि शेवटी तीस-चाळीस रोग्यांना पत्रिका देऊन 'तुम्हांला ह्यातून काय कळले?' असे विचारतात. थाई भाषेतील स्पाडी पारखून प्रसिद्ध झाली ती २०१५ साली.

रीत चांगली आहे. पण उलट भाषांतरावर लोक भिस्त ठेवतात, ती मला फाजील वाटते. का, ते सांगतो.

इंग्रजीत 'पेन' हा एक शब्द सगळीकडे चालतो. थाईत तसे नाही. आतून धरून राहणारे, ठणकणारे दुखणे ते 'पुअत'. लागल्याचे, टोचल्याचे, चटकन कळ आणणारे ते 'जेप'. आग होते ती 'सेप'. आणि श्रमाने अंग जड होते, ते 'मुअय'. ह्या शेवटच्या शब्दाला इंग्रजी भाषांतरकार अडखळेल. आपण अडखळणार नाही. आपण म्हणतो, 'अंग आंबले.' दिवसभर ओझी वाहून आलेला गडी 'खांदा दुखतो' म्हणतच नाही, 'आंबलाय' म्हणतो. थाई भाषेतील दुखण्याच्या ह्या शब्दसृष्टीवर अँथनी डिलर ह्या भाषाशास्त्रज्ञाने १९८० सालीच विस्ताराने लिहून ठेवले आहे.

आता गंमत पाहा. भाषांतरकाराने 'पुअत' घातला काय किंवा 'जेप' घातला काय, उलटवणारा दोन्हींचे इंग्रजी 'पेन' असेच करणार. समिती म्हणणार, मूळाशी तंतोतंत जुळले! मात्र ज्याचा खांदा 'मुअय' आहे त्याने 'पुअत किती?' ह्या प्रश्नाला 'काही नाही' म्हटले, तर तो खोटे बोललेला नाही. त्याला विचारले दुसरेच होते.

खांदा ह्या शब्दाचेही तेच. थाईत 'लै' म्हणजे खांदा, सांध्याकडचा भाग. आणि 'बा' म्हणजे मानेपासून उतरणारा वरचा भाग, जेथे ओझे टेकते. इंग्रजीत दोहोंना 'शोल्डर'च म्हणतात. सांधा आखडलेला माणूस आणि मानेखालचा स्नायू धरलेला माणूस, दोघे एकाच चिठ्ठीवर येऊ शकतात. कागदावर खांद्याचे चित्र काढून 'दुखते तेथे बोट ठेवा' म्हटले, तर माझ्या मते अर्धे भांडण मिटते.

शब्दांपेक्षा वस्तू अवघड असतात. उकाड्याच्या देशात स्वेटरचे काय काम? तेव्हा डोक्यातून घालावयाचा कोणताही अंगरखा धरावा. केस धुणे सोपे वाटते. परंतु खेड्यातील थाई माणूस हौदातून वाडग्याने पाणी घेऊन डोक्यावर ओततो, आपण तांब्याने ओततो तसे. भरलेले वाडगे डोक्यावर नेणे निराळे, आणि नळाच्या फवाऱ्याखाली उभे राहून केसांत बोटे फिरवणे निराळे. वाक्य तेच असले, तरी खांद्याला पडणारे काम बदलले.

मग करावे काय? माझे म्हणणे असे, की वस्तू सोडावी, पण हालचाल सोडू नये. मागच्या खिशाच्या प्रश्नात वैद्याला खिशाशी काही कर्तव्य नाही. हात पाठीमागे आत वळून कमरेखाली जातो की नाही, हे त्याला पाहावयाचे आहे. ती हालचाल थाई बाई दिवसातून किती वेळा करीत असेल! काचोळीचे हूक मागे लावताना करते. शौचानंतर पाण्याने स्वच्छता करण्याची चाल तिकडेही आपल्यासारखीच आहे, तेव्हा तेथेही हात मागे जातोच. हा प्रश्न सभेत उच्चारावयास संकोच वाटतो खरा, पण खांदा धरलेल्या माणसाला पहिली लाज वाटते ती ह्याच ठिकाणी, आणि तो ती कोणापाशी बोलत नाही.

कोणी म्हणेल, जो प्रश्न लागू नाही तो गाळा, आणि उरलेल्यांवर हिशेब करा. तशी सोय आहे. पण हिशेब मांडून पाहा. तेरा प्रश्नांचे गुण एकशेतीस. त्यांत एका प्रश्नाचे दहा. शंभरात काढले तर पावणेआठ होतात. आणि रोग्याला जाणवेल असा फरक म्हणजे आठ ते तेरा गुण, असे साधारणपणे धरतात. तेव्हा एकच प्रश्न चुकीचा बसला, तर औषधाचा गुण आला की नाही हा निकाल डळमळू शकतो.

आकड्यांतही एक मेख आहे. थाई लोकांत 'क्रेंगजाय' नावाची एक वृत्ती आहे. आपल्यामुळे दुसऱ्याला, विशेषतः वडीलधाऱ्याला किंवा अधिकाऱ्याला त्रास होऊ नये, म्हणून आपली अडचण गिळावयाची. आपण 'भीड' म्हणतो त्याच्या पलीकडचे, जरा मायेचे असे ते आहे. डॉक्टर समोर उभा राहून विचारीत असेल, तर नऊचा सहा होण्यास वेळ लागत नाही. परिचारिकेने शेजारी बसून, थाई रीतीप्रमाणे 'लुंग' म्हणजे काका, किंवा 'पा' म्हणजे मावशी, अशी हाक मारून विचारले, तर उत्तर वेगळे येईल की नाही? म्हणून पत्रिका कोणी वाचून दाखवली, की रोग्याने स्वतः भरली, हेदेखील प्रत्येक वेळी नोंदले पाहिजे.

आणि आता त्या साडेचार किलोंकडे येतो. जड ओझे म्हणून पत्रिका एवढेच विचारते. थायलंडने ओझ्याच्या कमाल वजनाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९६९ सालीच मान्य केला, आणि २००४ सालच्या तेथील नियमाप्रमाणे पुरुषाने पंचावन्न किलोंपर्यंत आणि स्त्रीने पंचवीस किलोंपर्यंत उचलावयास कायद्याची मुभा आहे. ज्याच्या 'बा'वर पन्नास किलोंचे पोते चढते, त्याला साडेचार किलोंची पिशवी कशी वाटते असे विचारले, तर तो हसेल. शून्य लिहील. त्याचा खांदा घरच्या कामापुरता बरा झाला, म्हणून तो कागदावर बरा होईल, आणि दुसऱ्या दिवशी गोदामात पहिल्या पोत्याला खाली बसेल. आपल्याकडेही शंभर किलोंचे पोते पन्नासावर आणण्यासाठी हमालांना झगडावे लागले आहे, तेव्हा हा हिशेब मला कोणी शिकवावयास नको.

हा दोष भाषांतराचा नव्हे, मूळ पत्रिकेचा आहे. ती घरातील हालचालींसाठी केली आहे, मजुरीसाठी नाही; आणि मूळ बदलले, तर थाई रोग्याचे गुण दुसऱ्या देशाच्या गुणांशी ताडता येणार नाहीत, असे संशोधक म्हणतात. त्यांचेही खरे आहे. तेव्हा तेरा प्रश्न आहेत तसे राहू द्यावेत, आणि गुणांत न धरता खाली चौदावी ओळ जोडावी : तुमचे रोजचे काम कोणते, आणि ते ह्या आठवड्यात किती जमले? कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याला, शिवणयंत्रावरच्या बाईला, बंदरावरच्या गड्याला ही ओळ न समजण्यासारखी नाही. तिचे थाई शब्द मात्र समितीने टेबलाशी बसून ठरवू नयेत. त्या तीस-चाळीस रोग्यांत पोती वाहणारे आणि फा-सिन नेसणाऱ्या किती आहेत, हे आधी मोजावे, आणि 'पुअत' की 'मुअय' हे त्यांनाच विचारावे.