पाणी, मीठ आणि जंतु

काशीगांवाहून पश्चिमेस निघालें कीं उंच इमारतींची दाटी ओलांडल्यावर भाईंदरकडचा मिठागरांचा प्रदेश लागतो आणि त्याच्याही पलीकडे समुद्रकांठीं उत्तन. मिठागरांत उन्हानें पाणी आटवून मीठ पिकवावयाचें, उत्तनला बांबूंच्या चौकटींवर बोंबील टांगून वाळवावयाचे. दोन्ही उद्योग पाणी काढून घेण्याच्या एकाच युक्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ताज्या बोंबलांत शंभरांतले पंच्याऐंशी ते नव्वद भाग पाणीच असतें. तो बाहेर ठेवल्यास दिवसभरही टिकत नाहीं; तोच सुकविला कीं आगोटीच्या बेगमींत जाऊन बसतो आणि पावसाळा काढतो.

असें कां व्हावें? जंतूला तोंड नाहीं. त्याचें अन्न पाण्यांत विरघळून त्याच्या देहांत झिरपतें आणि तेथील सारे व्यवहारही पाण्यांतच घडतात. परंतु पदार्थांत एकंदर पाणी किती, यापेक्षां त्यांतलें मोकळें किती, हा खरा प्रश्न आहे. मुरांब्याच्या पाकांत पाणी डोळ्यांना दिसतें, तरी साखरेनें तें धरून ठेवलेलें असतें. जंतूच्या वांट्याला तें फारसें येत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. स्कॉट यांनीं १९५० नंतरच्या दशकांत हाच मापदंड पुढें मांडला. शुद्ध पाण्याचें माप १ धरलें, तर समुद्राच्या पाण्याचें सुमारें ०.९८ येतें आणि मिठागरांत खडे धरूं लागलेल्या पाण्याचें सुमारें ०.७५. अन्न नासविणारे बहुतेक जंतु ०.९१ च्या खालीं वाढत नाहींत. माणसाच्या नाकांत व त्वचेवर राहणारा स्टॅफिलोकॉकस ०.८६ पर्यंत तग धरतो, बुरशी त्याहीखालीं उतरते, आणि ०.६ च्या सुमारास सर्वच हात टेकतात.

याला एक विलक्षण अपवाद मिठागरांतच सांपडतो. तेथील दाट खारें पाणी कधीं कधीं तांबूस दिसतें, त्याला कांहीं अंशीं हॅलोबॅक्टेरियमसारखे सूक्ष्मजीव कारण असतात. इतरांना जें विष, तें यांचें घर; गोड्या पाण्यांत टाकले तर हे फुटून मरतात.

पावसाळ्यांत उघड्या बरणींतलें मीठ पाझरतें, त्याचाही संबंध याच ०.७५ शीं आहे. हवेंतील आर्द्रता शेंकडा पंचाहत्तरच्या वर गेली कीं मीठ हवेंतून पाणी ओढूं लागतें. सुकी मासळीही त्या हवेंत ओलावते आणि तिच्यावर प्रथम बुरशी धरते. म्हणून ती घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी.

वाळविल्यानें जंतु मरतात, अशी समजूत सर्वत्र आहे. ती धोक्याची आहे. कांहीं मरतात, पुष्कळ नुसते थांबतात. सॅल्मोनेला हा बीजाणु न धरणारा जंतु, तोही कोरड्या अन्नांत महिनेच्या महिने जिवंत राहतो. मग बॅसिलस व क्लॉस्ट्रिडियम या कुळांची गोष्टच वेगळी! फर्डिनंड कोन यांनीं गवताच्या काढ्यांतील बॅसिलसाचे बीजाणु १८७६ सालीं वर्णिले, आणि त्याच वर्षीं रॉबर्ट कॉख यांनीं काळपुळीच्या जंतूचे. उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा हा बीजाणु कोरडेपणामुळें तयार होतो, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः त्याला निमित्त होतें तें मुख्यतः उपासमारीचें. अन्न संपत आलें कीं जंतु आपल्याच देहांत एक गाभा बांधतो, त्यांतलें बरेंचसें पाणी बाहेर काढतो आणि त्याभोंवतीं कवचांचे थर चढवितो. या कामाला कित्येक तास लागतात, शक्ति लागते आणि भोंवतालीं पाणीही लागतें. एकाएकीं वाळून गेलेल्या जंतूला तेवढी सवड मिळत नाहीं. बीजाणु कोरड्यांत टिकतो खरा, पण घडतो ओल्यांत.

याचा प्रत्यय स्वयंपाकघरांत येतो. तांदळांत बॅसिलस सीरियसचे बीजाणु पुष्कळदां असतात. कोठींत ते वर्षभर निपचित पडून राहतात. भात शिजला कीं जंतु मरतात, बीजाणु मात्र तरतात. ऊब, पाणी आणि अन्न आयतें मिळाल्यावर ते रुजतात. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातांत त्यांच्या पिढ्या वाढतात, आणि त्यांचें वांतीचें विष सकाळच्या फोडणीनें नाहींसें होत नाहीं. उरलेला भात पसरट भांड्यांत काढून लौकर निववावा आणि शीतपेटींत ठेवावा.

सुक्या बोंबलांचेंही तेंच. भिजले कीं ते पुन्हां ओल्या मासळीच्या पंक्तीला बसतात. रात्रीं भिजत घालून सकाळपर्यंत तसेच ठेवूं नयेत. चूल पेटविण्याच्या बेतांत असतांनाच त्यांना पाणी दाखवावें.