बॉनेट बसवितांना

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला शेजारीपाजारी फार तर हौशी म्हणतात. घरचीं माणसें काय म्हणतात तें येथें न सांगितलेलेंच बरें. आमच्या घरीं आहे ती मॉरिस मायनर. माझ्या आजोबांनीं ती १९५८ सालीं घेतली आणि आज तिचे खरे धनी माझे वडील, आमचे अण्णा, हे आहेत. मी नुसता कारभारी.

या गाडीच्या जन्माची एक हकीकत आजच्या विषयाला लागू पडणारी आहे, म्हणून ती आधीं सांगतों. १९४८ सालीं लंडनला अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनांत ही गाडी लोकांपुढें आली. तिचा कल्पक अ‍ॅलेक इसिगोनिस. यानेंच पुढें १९५९ सालची मिनी घडविली. मायनरची सर्व तयारी होत आली असतां त्याच्या मनानें घेतलें कीं, गाडी फार अरुंद दिसते. त्यानें नमुन्याची गाडी मधोमध उभी कापविली आणि दोन्ही अर्धीं हळूहळू दूर सारीत, डोळ्याला समाधान वाटलें तेथें थांबविलीं. मध्यें चार इंचांची जागा पडली होती. बंपर तर आधींच तयार होऊन पडलेले; तेव्हां तेहि कापून त्यांत चार इंचांचा तुकडा घातला, आणि बॉनेटावर पुढून मागें जाणारी एक सपाट पट्टी आली ती कायमची. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनें हीच गाडी ‘बेबी हिंदुस्थान’ या नांवानें विकली. जिच्या बॉनेटाचा जन्मच असा जुळवाजुळवींतून झाला, तिचें बॉनेट सहजासहजीं जुळावें ही अपेक्षाच चूक. पण हें शहाणपण मला मागाहून आलें.

दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत वाड्यांतल्या चिंचेची फांदी गाडीवर कोसळली. बॉनेट मध्यावर इतकें दबलें कीं, तें ठोकून सरळ करण्याजोगें राहिलें नाहीं. पुण्याच्या नाना पेठेंत मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांची दाटी आहे. तेथें चार दिवस हिंडल्यावर मोडींत निघालेल्या एका मायनरचें बॉनेट मिळालें. गाडी त्याच जातीची, बॉनेट त्याच सांच्याचें. जुनें काढावें, नवें लावावें, चार बोल्ट आवळावे, संध्याकाळीं फिरावयास जावें असा माझा हिशेब होता. मी माझ्या मुलाला मदतीला घेतलें आणि काम उरकलें.

बॉनेट बसलें, पण डावीकडचा पुढचा कोपरा अर्धा बोट वर राहिला. मीं काय केलें? बॉनेटाखालीं जी खटक्याची खुंटी असते, तिची लांबी आट्यांवर कमीजास्त करतां येते. ती मीं आंत घेतली, म्हणजे खटका बॉनेटाला अधिक खालीं ओढील. कोपरा बसला. मात्र या ओढाताणींत बॉनेट किंचित् एका अंगाला गेलें, आणि खटका सुटलाच तर बॉनेट अडवून धरणारा जो दुसरा आंकडा असतो, तो आपल्या जागीं अडकेना. तें मला दिसलें होतें. ‘पुढें पाहूं’ असें म्हणून मीं तें सोडून दिलें.

तिसऱ्या दिवशीं अण्णांना शेजारीं बसवून मी सिंहगडच्या रस्त्यानें निघालों. वेग पन्नासाच्या आसपास असेल. एका खड्ड्यांत चाक गेलें, खटका सुटला, आणि समोरचा वारा खालीं शिरून सबंध बॉनेट काचेवर येऊन आदळलें. रस्ता दिसेनासा झाला. मीं बाजूच्या खिडकींतून डोकें बाहेर काढून कशीबशी गाडी कडेला घेतली. मागून येणारा एक टेम्पो अगदीं हातभर अंतरावर थांबला. काच वांचली, आम्ही वांचलों, बॉनेटाची मागची कड मात्र दुमडली. ब्याऐंशी वर्षांचे अण्णा घरीं येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहींत. ते रागावले असते तर मला बरें वाटलें असतें.

मग मी एका वृद्ध डेंटरकडे गेलों. मोटारीच्या पत्र्याचें काम करणाऱ्याला आपल्याकडे डेंटर म्हणतात. सारे त्याला उस्ताद म्हणत. त्यानें गाडीभोंवतीं एक फेरी मारली, फटींवरून अंगठा फिरविला आणि म्हणाला, “साहेब, बॉनेट वांकडं नाही. ते चहाडी करतंय.”

कोणाची, तें पुढच्या दोन दिवसांत कळलें. दुमडलेली कड सरळ करून त्यानें प्रथम गाडी सपाट फरशीवर तिच्या चारहि चाकांवर उभी केली व हवा सारखी भरली. मीं माझें काम एक कोपरा जॅकवर उचलून केलें होतें. मायनरला वेगळी चौकट नाहीं, कायाच भार वाहते. कोपरा उचलला कीं ती काया सूक्ष्मशी पिळते आणि फटी बदलतात. मग त्यानें दारांच्या फटी पाहिल्या. दारें ठीक होतीं, म्हणजे मधली काया शाबूत. दोष त्यापुढें.

यानंतर त्यानें जें केलें तें मला सुचलें नसतें. त्यानें खटक्याची खुंटी सबंध काढून टाकली, मागच्या कडेची रबराची पट्टी काढली, पुढचीं रबरी बुचें काढलीं. बॉनेटाला ओढणारें वा ढकलणारें कांहीं ठेवलें नाहीं. नुसत्या आपल्या वजनानें तें जेथें टेकेल तेथें टेकूं दिलें. आतां फटी खरें बोलूं लागल्या. उजवीकडे फट सारखी. डावीकडे मागें बरोबर आणि पुढें येतां येतां चिंचोळी. या गाडीचीं पुढचीं मडगार्डें बोल्टांनीं जोडलेलीं असतात. फांदीच्या दणक्यानें डावें मडगार्ड एक सूत आंत व किंचित् वर सरकलें होतें. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या मडगार्डाच्या वर चढून बसल्यामुळें बॉनेटाचा कोपरा उंच दिसत होता, आणि मी शिक्षा बॉनेटाला करीत होतों!

मडगार्डाचे बोल्ट सैल करून तें जागेवर आणलें. मग बिजागऱ्यांची पाळी. वॉशरभोंवतीं त्यानें आधीं पेन्सिलीनें रेघ ओढली, म्हणजे कोठून किती हललें तें कळावें. बोल्टाहून भोंकें जराशीं मोठीं असतात; तेवढ्या मोकळिकींत बॉनेट मागेंपुढें सरतें. मागची कड बुडाली असेल तर बिजागरी व बॉनेट यांच्यामध्यें पातळ वॉशर घालून ती उचलावयाची. मागच्या कोपऱ्यांखालीं जुनें धोतर अंथरलें होतें, कारण रंग उडतो तो तेथेंच. दोन्ही फटींत एकाच जाडीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या खोंचल्या. एका बाजूला उस्ताद, एका बाजूला मी. एक बोल्ट अर्धा आवळावा, बॉनेट मिटावें, पाहावें, उघडावें. असें चाळीस वेळां तरी झालें असेल. दुपारीं मला कंटाळा आला हें कबूल करतों. त्याला आला नाहीं.

खुंटी सर्वांत शेवटीं. तिच्या टोकाला ग्रीस लावून बॉनेट अलगद टेकविलें; ग्रीसचा ठिपका खालच्या भोंकाच्या कांठावर उमटला, तेवढें सरकविलें. दुसऱ्या खेपेस कांठ कोरा राहिला. मग त्यानें खटका मुद्दाम सोडून मला बॉनेट वर ओढावयास सांगितलें. दुसऱ्या आंकड्यानें तें घट्ट धरलें. “हे आधी बघायचं असतं,” एवढेंच तो बोलला.

इतकें होऊनहि डावी फट पुढें केसभर मोठी राहिली. ती घालवा म्हणून मी हटून बसलों, पण उस्तादानें ऐकलें नाहीं. संध्याकाळीं अण्णांनीं कपाटांतून एक छायाचित्र काढून आणलें. गाडी घरीं आली त्या दिवशींचें, शेजारीं अर्ध्या चड्डींत उभे असलेले ते स्वतः. भिंगानें पाहिलें, तर त्यांतहि डावी फट पुढें रुंद होती.

महिन्यानें बोल्ट पुन्हां आवळून पाहिले. एक सैल निघाला. आतां अण्णा गाडींत बसण्यापूर्वीं पुढें जाऊन बॉनेट एकदां हातानें वर ओढून पाहतात, आणि तोंवर मी किल्ली फिरवीत नाहीं.