थांबायचे तर विचारून थांबा

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण करण्याची आम्हाला सवय नाही. गेली बावीस वर्षे आम्ही बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो आणि बोलण्यापेक्षा ऐकण्याचेच काम जास्त करतो. पण गेल्या काही वर्षांत काउंटरच्या पलीकडून जे ऐकू येते, ते आपल्या मंडळींसमोर एकदा मांडावे असे वाटले, म्हणून उभे आहोत.

आपल्या बडोद्यात दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत जी जुनी मराठी घरे आहेत, त्यांतल्या बहुतेक घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी आज परदेशात शिकते आहे. मूल विमानात बसले की आपण पेढे वाटतो, आपल्या वार्तापत्रात अभिनंदनाची चौकट छापतो. ते योग्यच आहे. परंतु शिक्षण मध्येच थांबवावे लागले तर काय करायचे, हे कोणी सांगत नाही. अलकापुरी आणि फतेगंजमधील सल्लागारांच्या पाट्यांवर व्हिसा, प्रवेश, शिष्यवृत्ती सगळे लिहिलेले असते. थांबण्याबद्दल एक ओळ नसते. प्रवेश मिळवून दिल्याचे कमिशन मिळते, थांबवल्याचे मिळत नाही. मग पाटीवर ते कशाला येईल?

थांबण्याचा इतिहास मात्र आपल्याच गावाशी जोडलेला आहे. १९१३ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन तीन वर्षांसाठी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठविले. तेथून १९१६ साली ते लंडनला गेले. एकीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि दुसरीकडे बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन असा दुहेरी अभ्यास त्यांनी सुरू केला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. त्यातच मागाहून येणारे त्यांचे सामान आणि पुस्तके, जहाज महायुद्धात बुडाल्याने, समुद्राच्या तळाशी गेली.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, त्यामुळे या कथेतल्या एका व्यावहारिक गोष्टीकडे आमचे लक्ष जास्त जाते. लंडन सोडण्यापूर्वी आंबेडकरांनी विद्यापीठाची परवानगी मिळवली होती. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल, अशी ती परवानगी होती. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली, पै पै साठवली, मित्राकडून कर्ज घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत घेतली आणि १९२० साली, मुदतीच्या आत, ते पुन्हा लंडनला हजर झाले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ आज बँकेतली माणसे आदराने घेतात, तो या दुसऱ्या फेरीचे फळ आहे. १९१७ साली ते नुसतेच निघून आले असते, तर १९२० साली त्यांच्यासाठी दार उघडे राहिले असते की नाही, कोण सांगणार?

आता आमच्या घरातली गोष्ट. आमचा भाचा अमेरिकेत एम.एस. करण्यासाठी गेला. पहिले वर्ष उत्तम गेले. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात त्याचे मन उडाले. झोप नाही, जेवण नाही, वर्गात जाणे बंद. घरी फोनवर मात्र ‘सगळे ठीक आहे’. नोव्हेंबरच्या अखेरीस तो कोणालाही न सांगता विमानात बसला आणि घरी आला. आम्ही सगळ्यांनी काय केले? लोकांना सांगितले, सुट्टीवर आला आहे. आमच्या ताईने शेजारणींना सांगितले, लग्नासाठी आला आहे. लग्न कोणाचे, हे कोणी विचारले नाही हे आमचे नशीब.

मार्च महिन्यात कर्जाच्या पुढच्या हप्त्यासाठी बँकेने गुणपत्रक मागितले, तेव्हा सगळे उघड झाले. तोवर विद्यापीठाने त्याचे नाव पटावरून कमी केले होते आणि तशी नोंद तेथील सरकारकडे गेली होती. पुन्हा प्रवेश घेऊन तो व्हिसाच्या मुलाखतीला गेला. नकार मिळाला. आज तो मकरपुऱ्यातील एका कारखान्यात नोकरी करतो, तब्येत चांगली आहे, आणि ते आम्हाला पदवीपेक्षा मोठे वाटते. पण दोष त्याच्या आजारात नव्हता. आम्हा घरच्यांनी चार महिने गप्प राहण्यात जे घालवले, ते आमचे पाप आहे, आणि ते येथे कबूल करतो.

कारण वाट होती. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद ‘सेव्हिस’ या सरकारी संगणकावर असते आणि ती सांभाळणारा अधिकारी विद्यापीठातच बसतो. त्याला डीएसओ म्हणतात. आजारपण असेल, मनाचे असले तरी, तर परवानाधारक डॉक्टरचे किंवा मानसोपचार तज्ज्ञाचे पत्र दाखवून या अधिकाऱ्याकडून अभ्यासाचा भार कमी करून घेता येतो, गरज पडल्यास पूर्ण शून्यावर आणता येतो. एका पदवीच्या काळात अशी सवलत एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळू शकते. मात्र ती आधी मागावी लागते आणि दर सत्राला नव्याने घ्यावी लागते. आमच्या भाच्याला ही सवलत मागता आली असती. त्याला ती ठाऊक नव्हती आणि आम्हालाही नव्हती.

दुसरी वाट घरी परत येण्याची. आमच्याच गल्लीतील एका मुलीच्या आईचे मोठे ऑपरेशन ठरले. तिने आधी डीएसओला गाठले, लेखी परवानगीने सत्र सोडले. अशी परवानगी घेतलेल्याला देश सोडायला १५ दिवस मिळतात. न विचारता सोडणाऱ्याला एकही दिवस मिळत नाही. मुलगी घरी आली आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तिने पाच महिन्यांची तारीख लाल पेनाने गोल केली. कारण परवानगीने गेलेला विद्यार्थी पाच महिन्यांच्या आत परतला, तर त्याची जुनी नोंद पुन्हा चालू करता येते. त्यापलीकडे गेले की नवा आय-२० कागद, नवा सेव्हिस क्रमांक, पुन्हा ३५० डॉलर शुल्क आणि बहुधा नवा व्हिसा. शिवाय शिक्षणानंतर कामाचा अनुभव घेण्याची जी परवानगी असते, तिच्यासाठी लागणारे एक शैक्षणिक वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजले जाते. मार्चअखेर आलेली ती मुलगी निघण्याच्या दोन महिने आधीपासून कार्यालयाशी पत्रव्यवहार करीत होती आणि ऑगस्टच्या सत्राला वेळेत हजर झाली. दोन घरांत अंतर फार तर पन्नास पावलांचे. पण आमच्या घरातून कोणी विचारायला गेले नाही, कारण विचारले की कळणार होते.

इतर देशांचे नियम वेगळे आहेत. इंग्लंडमध्ये विद्यार्थ्याने शिक्षण सोडले की विद्यापीठाला १० कामकाजाच्या दिवसांत गृहखात्याला कळवावे लागते. त्यानंतर व्हिसाची मुदत छाटली जाते. कॅनडात संस्थेच्या मंजुरीने घेतलेली रजा १५० दिवसांपेक्षा जास्त असता कामा नये आणि त्या काळात नोकरी करता येत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून तेथे संस्था बदलायची तर नवा अभ्यास परवाना काढावा लागतो. म्हणून अमेरिकेतल्या मावसभावाचा सल्ला कॅनडातल्या मुलाला देऊ नका.

कधी कधी थांबणे विद्यार्थ्याच्या हातातही नसते. जानेवारी २०२२ मध्ये कॅनडातील तीन खासगी महाविद्यालये एकाएकी बंद झाली आणि हजारो रुपये नव्हे, लाखो रुपये भरलेली आपल्या देशाची मुले रस्त्यावर आली. आपल्या उच्चायुक्तालयाला त्यांच्यासाठी सूचनापत्रक काढावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक रद्द झाल्या. मुले न्यायालयात गेली, तेव्हा महिनाअखेरीस सरकारने नोंदी पूर्ववत करण्याचे मान्य केले. जुने आय-२०, हजेरी, गुणपत्रके, कार्यालयाची पत्रे हे सारे जपून ठेवावे ते अशाच दिवसासाठी. प्रत्येक कागदाची एक प्रत घरीही असू द्या.

आता आमच्या टेबलाबद्दल दोन शब्द. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सत्रागणिक सुटतो आणि बहुधा थेट संस्थेकडे जातो. शिक्षण थांबले की पुढचा हप्ता थांबतो, पण व्याज थांबत नाही. म्हणून रजा मंजूर झाल्याचे पत्र जोडून शाखेला लेखी कळवा. इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेप्रमाणे, अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झाला नाही तर जास्तीत जास्त दोन वर्षांची मुदतवाढ देता येते. ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. फी परत मिळण्याची तारीख विद्यापीठाच्या पत्रकात छापलेली असते. सत्र सुरू झाल्यावर बहुतेक ठिकाणी परत मिळणारी रक्कम आठवड्यागणिक कमी होत जाते. मूल ‘विचार करतो’ म्हणत राहते आणि तिकडे फी बुडत असते. घराचा भाडेकरार आणि आरोग्य विमा यांचे काय होणार, तेही निघण्यापूर्वी विचारून घ्या.

मंडळींनो, आंबेडकरांच्या गोष्टीचा एक भाग आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला होता. सप्टेंबर १९१७ मध्ये ते कराराप्रमाणे आपल्या बडोद्यात नोकरीला आले. या शहराने आपल्याच खर्चाने शिकवून आणलेल्या माणसाला या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी उतारगृहात त्यांनी आश्रय घेतला आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. महाराजांनी हात दिला, पण गावाने, म्हणजे आपल्या पूर्वजांनी, दार लावून घेतले. पुढे १९२५ साली छापलेला आपला ग्रंथ त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला. त्यांनी उपकार लक्षात ठेवले. आपण आपली चूक लक्षात ठेवली पाहिजे.

त्या अन्यायाची आणि आजच्या मुलांच्या अडचणीची बरोबरी होऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही, परतलेल्याला जागा न देण्याची खोड आपल्या गावात आहे, एवढे म्हणण्यास हरकत नाही. परदेशातून मूल मध्येच आले की आपण काय विचारतो? ‘परत का आला?’ त्या एका प्रश्नाच्या भीतीने आमच्या ताईने खोटे लग्न ठरवले.

म्हणून या सभेपुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, मंडळाच्या कार्यालयात दर शनिवारी संध्याकाळी एक तास अशा पालकांसाठी ठेवावा. बँकेची बाजू आम्ही सांभाळू. आपल्यात वकील आहेत, डॉक्टर आहेत, त्यांनी आळीपाळीने बसावे. तेथे बोललेले तेथेच राहील. दुसरी, आपल्या आमदार-खासदारांना आणि नगरसेवकांना मंडळाने निवेदन द्यावे की, प्रवेश मिळवून देणाऱ्या प्रत्येक सल्लागाराने रजेचे, नाव काढण्याचे आणि फी परतीचे नियम पालकांना पैसे घेण्यापूर्वी लेखी द्यावेत. मते मागायला ही मंडळी आपल्या ओट्यावर येतातच. या वेळी त्यांच्या हातात हा कागद ठेवू. तिसरी सूचना ठरावात लिहिता येणार नाही. मूल परत आले तर आधी त्याला जेवायला वाढा. मग हळूच एवढेच विचारा, ‘ऑफिसला कळवलेस का रे?’

त्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले, तर त्याच रात्री त्याच्याजवळ बसून पत्र लिहा. तिकडे तेव्हा दिवस असतो, कार्यालय उघडे असते.